खाकीला नाव विचारा

"आजी, पुढं दंगा झालाय, पाटल्या काढून रुमालात बांधा." बाजाराच्या वाटेवर असं सांगणारा तोतया पोलीस पुडीत खडे बांधून देतो आणि पसार होतो.

कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार सरकारी नोकर असल्याची बतावणी करून त्याआड कृत्य करणाऱ्यास किमान ६ महिने, कमाल ३ वर्षे कैद व दंड होतो. लोकांना खरं वाटावं म्हणून नुसता गणवेश चढवला वा बिल्ला लावला, तरी कलम २०५ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८६० च्या दंड संहितेत हा दंड जास्तीत जास्त २०० रुपये होता.

पण भामटा जगतो आपल्या भीतीवर. खाकी दिसली की आपली बोबडी वळते. मंडळी, नाव-ठाणं विचारणं गुन्हा नव्हे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलंच पाहिजे, असं कायदाच म्हणतो. शंका आली तर दागिन्याला हात लावू देऊ नका, पोलीस पाटलांना हाक मारा, ११२ फिरवा.

आणि पोलीसदादा, म्हातारीनं ओळखपत्र मागितलं तर डोळे वटारू नका. तुमच्या त्या धाकावरच तोतयाचं पोट भरतं.