साहेब कोणाचे?

आमच्या बेलापुरात बांधाची केस कोर्टात गेली की पारावर पहिला प्रश्न ठरलेला. "साहेब कोणाचे?" माझी केस चालू होती तेव्हा हे मला दहा जणांनी विचारलं. कागद कुणीच विचारले नाहीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आरती साठे मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. त्याआधी त्या भाजपच्या प्रवक्त्या होत्या, पद सोडलं २०२४ च्या जानेवारीत. आपल्या जिल्ह्यातले कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी आक्षेप घेतला, तर भक्तमंडळींचं उत्तर तयार: काँग्रेसने नव्हतं का केलं?

केलं होतं ना! काँग्रेसचे खासदार बहरुल इस्लाम १९७२ ला न्यायाधीश झाले, पुढे सुप्रीम कोर्टात गेले, १९८३ ला तिथून राजीनामा दिला आणि परत काँग्रेसचेच खासदार. पण शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आपणही कोरायचा का?

साठेबाईंच्या लायकीबद्दल माझी तक्रार नाही. त्या चोख न्याय देतीलही. कृष्णा अय्यर केरळात कम्युनिस्ट सरकारचे मंत्री होते आणि न्यायाधीश म्हणून नावाजले गेले. पण मंत्रिपद गेलं १९५९ ला, हायकोर्टात आले १९६८ ला. मध्ये नऊ वर्षं. इथे दोन वर्षंसुद्धा नाहीत!

आणि दुसरं टोक बघा. सरन्यायाधीश गोगोई २०१९ च्या नोव्हेंबरात निवृत्त, मार्चमध्ये राज्यसभेवर. उलट आणीबाणीत सरकारविरुद्ध एकटे उभे राहिलेल्या न्या. खन्नांना डावलून १९७७ ला त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं. बाकीच्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. तो निकाल चूक होता हे त्यांच्याच मुलाने २०१७ ला लिहिलं. ४१ वर्षं लागली.

सत्कार असला की आपण रामशास्त्री बाणा म्हणतो. रामशास्त्री पेशव्यांचाच पगार खात होते, तरी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडून गेले. असे किती निघणार? म्हणून कायदाच करा. पक्षाचं पद सोडल्यावर पाच वर्षं न्यायाधीश नाही, निवृत्तीनंतर पाच वर्षं सरकारी खुर्ची नाही. सरकार कुणाचंही असो.

माझ्या केसचं विचाराल तर निकाल माझ्या बाजूने लागला. मोजणीचा नकाशा, जुना सातबारा, सगळं माझं बरोबर होतं. समोरचा अजून गावभर सांगतो, "साहेब त्यांचेच होते."