शिक्षा शहापुरात, मजुरी भिवंडीत
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आलीय. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी करून माल परत केला, किंवा दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला, तर तुरुंगाऐवजी लोकांच्या उपयोगाचं बिनपगारी काम मिळू शकतं. चांगलंच आहे. पण किन्हवलीकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर भिवंडी-कल्याणला जातात. काम शहापुरात दिलं तर मजुरी बुडवून कसं येणार? आणि चुकलं तर साधी कैद! काम दुसऱ्या तालुक्यात वर्ग करायची पद्धत संहितेत लिहिलेली नाही. ती नियमात यायलाच हवी. तोवर शिक्षा ठरण्याआधीच वकिलामार्फत कोर्टाला सांगा, आपण कोणत्या महिन्यांत कुठे असतो ते.