क्षारसूत्र, नॅनोतंतू आणि आपली कोरी वही

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेलकडील रस्ते मिळतात. अवजड वाहनांच्या या वाटेवरील चिकित्सालयांत अपघाताच्या जखमा नित्याच्याच. त्यांत मधुमेहींचे न भरणारे व्रण. अशा वेळी ‘हळदयुक्त नॅनोपट्टी’ घेऊन विक्रेता दारी आला, की आम्हांसही मोह होतो. म्हणून हे लेखन.

विद्युत्-कताईची कृती तशी सरळ आहे. पॉलिमरचे द्रावण बारीक सुईतून सोडून सुईला दहा-वीस हजार व्होल्टचा दाब देतात. थेंबाची धार ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतूंचे जाळे जमते. द्रावणात मिसळलेले औषध मग व्रणावर हळूहळू सुटते. अँटन फॉर्महाल्स यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९३४ मध्येच मिळाले होते. करक्युमिनयुक्त तंतूंनी मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांच्या, हे विसरू नये. शिवाय करक्युमिन म्हणजे संपूर्ण हरिद्रा नव्हे.

धाग्यातून औषध देण्याची कल्पना वैद्यांस नवी नाही. क्षारसूत्रावर एकवीस लेप चढतात: अकरा स्नुहीक्षीराचे, सात स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे, शेवटचे तीन स्नुहीक्षीर व हरिद्रेचे. मात्र या सूत्रास आधुनिक शल्यचिकित्सकांत मान मिळाला तो केवळ सुश्रुतांच्या आधारावर नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत भगंदरावर त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि निष्कर्ष १९९१ मध्ये छापले. हळदीच्या व्रणरोपणाचे १९९५ चे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेही डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने छापील पुरावे मांडले म्हणून. त्यांत १९५३ चा एक वैद्यकीय लेखही होता.

आमच्यापैकी कितीजणांच्या वहीत व्रणाची लांबी-रुंदी, तारीख आणि छायाचित्र असते? स्पष्ट बोलावयाचे तर फारच थोड्यांच्या.

औषधविक्रेत्या बंधूंना एवढीच विनंती, की ‘नॅनो’ शब्दास भुलून माल भरू नये. हे तंतू काततांना क्लोरोफॉर्म, डायमिथिलफॉर्मामाइड यांसारखे द्रावक वापरले जातात. पट्टीत त्यांचा अंश किती उरला, ती निर्जंतुक आहे काय, अर्काचे प्रमाण किती, याचे प्रमाणपत्र मागावे. न मिळाल्यास विक्रेत्यास चहा पाजून परत पाठवावे. दरम्यान पुढील अंकापर्यंत प्रत्येक सभासदाने निदान दहा व्रणांची मोजमापासह नोंद ठेवावी, साध्या जात्यादि तैलाच्या पट्टीची असली तरी चालेल.