परदेशीं जावें तें कोणत्या ऋतूंत?

“मुलांना सुटी मे महिन्यांत, तेव्हां परदेशीं जाणें तें मे महिन्यांतच,” हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, त्याला जणूं शास्त्रवचनाचें स्थान प्राप्त झालें आहे. लग्नाचा मुहूर्त चार पंचांगें पाहून ठरविणारे आपण, आयुष्यांत एकदां-दोनदां घडणाऱ्या परदेशप्रवासाचा काळ मात्र शाळेच्या वेळापत्रकावर सोंपवून मोकळे होतों. या संवयीची किंमत काय पडते, हें आमच्या एका स्नेह्यांच्या जपानप्रवासावरून आमच्या ध्यानीं आलें. म्हणून या महिन्यांत त्याच देशाचें उदाहरण घेऊन हा प्रश्न वाचकांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

या स्नेह्यांच्या मातोश्रींचें वय चौऱ्याहत्तर. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापन केलेल्या महिला विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें. त्या विद्यापीठाची कल्पना महर्षींना जपानांतील अशाच एका संस्थेच्या माहितीपत्रकावरून सुचली, ही हकीकत विद्यार्थिदशेंत त्यांच्या कानीं आली, आणि तेव्हांपासून त्या देशाविषयीं त्यांच्या मनांत ओढ उत्पन्न झाली. चेरीचा बहर एकदां डोळ्यांनीं पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. मुलानें मोठ्या हौसेनें एप्रिलअखेरचीं तिकिटें काढलीं. मंडळी क्योटोस पोहोंचली, तों फुलें झडून दोन-तीन आठवडे लोटलेले, आणि शहर माणसांनीं मात्र बहरलेलें! आगगाडींत शेजारीं शेजारीं जागा मिळेनात. देवळाच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवावयासहि रांग. तिसऱ्या दिवशीं मातोश्रींचे गुडघे सुजले व पुढील दोन दिवस त्यांनीं मुक्कामाच्या खोलींतच काढले.

यांत कोणाचाहि अपराध नव्हता. दोन पंचांगें वाचावयाचीं राहून गेलीं होतीं, इतकेंच. एक तेथील निसर्गाचें आणि दुसरें तेथील लोकांच्या सणांचें.

प्रथम निसर्गाचें पंचांग पाहूं. टोकियो आणि क्योटो या शहरांत चेरीचा बहर सामान्यतः मार्चच्या अखेरीस व एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत, म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमारास येतो. पूर्ण उमललेलीं फुलें जेमतेम आठवडाभर टिकतात. मध्येंच वारा-पाऊस आला तर तितकींहि नाहीं. शिवाय तारीख दरवर्षीं मागेंपुढें होते. क्योटोच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या उपलब्ध आहेत. २०२१ सालीं तेथें २६ मार्चलाच पूर्ण बहर आला, तेव्हां बाराशें वर्षांत इतका लवकर बहर नोंदलेला नाहीं असें अभ्यासकांनीं दाखविलें. तात्पर्य, दूर देशाहून चार महिने आधीं तिकिटें काढून जाणाऱ्यानें हा काहींसा जुगारच समजावा. त्यांतून ते दिवस आपल्या मुलांच्या परीक्षांचे. एक उपाय मात्र आहे. हा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो; एप्रिलच्या उत्तरार्धांत तो आओमोरि प्रांतांतील हिरोसाकीच्या किल्ल्याभोंवतीं असतो, व त्याच्यापुढें होक्काइडो बेटावर पोहोंचतो. आमच्या स्नेह्यांनीं क्योटोऐवजीं उत्तरेची वाट धरली असती, तर कदाचित् त्यांना फुलें भेटलीं असतीं.

आतां सणांचें पंचांग. २९ एप्रिल, आणि ३, ४ व ५ मे हे जपानांत सार्वजनिक सुटीचे दिवस आहेत. मधले दिवस रजेनें जोडून सगळा देश प्रवासास निघतो. या काळास तेथें ‘गोल्डन वीक’ म्हणतात. ऑगस्टच्या मध्यास ‘ओबोन’ येतो. पूर्वज त्या दिवसांत घरीं येतात अशी तेथील लोकांची श्रद्धा असल्यामुळें जो तो आपल्या मूळ गांवीं जातो. या शब्दाचें मूळ ‘उल्लंबन’ या संस्कृत शब्दांत आहे असें परंपरा सांगते. आपल्या पितृपक्षाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. तिसरी गर्दी नववर्षाची. या तिन्ही काळांत टोकियोहून क्योटोकडे जाणाऱ्या ‘नोझोमि’ या शीघ्र गाडीचे सर्व डबे आरक्षित असतात, आयत्या वेळीं चढून बसण्याची सोय राहत नाहीं. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं कोंकणांत जाणाऱ्या गाडीची स्थिति ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

जून लागला कीं पावसाळा. जुलैच्या मध्यापर्यंत, कधीं त्यापुढेंहि, आकाश झांकोळलेलें असतें. होक्काइडोस मात्र या पावसाचा उपद्रव फारसा नाहीं. त्यानंतरचा उन्हाळा मुंबईकरालाहि घाम फोडील असा दमट, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे वादळांचे महिने. आपल्या गणपतींच्या सुटीला जोडून तिकडे जाण्याचा बेत कोणी करीत असेल, तर त्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

राहिला शरद. आमच्या मतें वृद्ध आणि मुलें यांना घेऊन जाणाऱ्यानें निवडावा असा हाच ऋतु. मेपलचीं पानें लाल होण्याची क्रिया सप्टेंबरांत होक्काइडोच्या डोंगरांवर सुरू होते, ऑक्टोबरच्या उत्तरार्धांत व नोव्हेंबरच्या आरंभीं निक्कोच्या परिसरांत येते, आणि क्योटोस नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत पोहोंचते. हवा कोरडी; पारा दिवसा सतरा-अठरा अंशांच्या आसपास. पानें फुलांसारखीं आठवड्यांत झडून जात नाहींत, त्यामुळें चार दिवस इकडेतिकडे झाले तरी निराशा होत नाहीं. दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात. ३ व २३ नोव्हेंबर या तेथील सुट्या व शनिवार-रविवार क्योटोंत टाळावे. आणि त्या दिवसांत सूर्य पांचच्या आधींच मावळतो, म्हणून पाहण्याचीं स्थळें सकाळीं उरकावीं.

येथेंच आपलें घरचें पंचांग उपयोगीं पडतें. आपली दिवाळी इंग्रजी तारखेनें दरवर्षीं सुमारें अकरा दिवस मागें येते, आणि अधिक मास आला कीं पुन्हां पुढें सरकते. २०२२ सालीं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतें. २०२३ सालीं अधिक श्रावण आला व तें १२ नोव्हेंबरला पडलें. २०२६ सालच्या अधिक ज्येष्ठानंतरचें लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरचें. म्हणजे ज्या वर्षीं दिवाळीपूर्वीं अधिक मास येतो, त्या वर्षीं भाऊबीज घरीं करून निघालें तरी क्योटोच्या रंगाचा आरंभ गांठतां येतो, आणि शाळाहि फारशी बुडत नाहीं. दिवाळी ऑक्टोबरांत असेल तर क्योटोचा हट्ट न धरतां निक्को पाहावें. भिंतीवरची दिनदर्शिका परदेशच्या प्रवासासहि अशी कामाला येते!

आणि सुटी मे महिन्याचीच मिळत असेल तर? तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिन्याच्या अखेरपर्यंतचा काळ, म्हणजे त्यांच्या सुट्या संपल्यावर व पाऊस सुरू होण्यापूर्वींचा, फार प्रसन्न असतो. नवी पालवी, पंचवीस अंशांची हवा, आणि संध्याकाळीं पावणेसातपर्यंत उजेड. आपल्या शाळाहि जूनच्या मध्यापर्यंत उघडत नाहींत. आमच्या स्नेह्यांनीं केवळ पंधरा दिवस उशीर केला असता, तर मातोश्रींचे गुडघे शाबूत राहिले असते.

ही सारी गोष्ट त्यांच्याशीं बोलतांना निघाली, तेव्हां मुलगा म्हणाला, “आतां पुढच्या वेळीं अधिक मासाचें वर्ष पाहूनच आईला नेईन.” त्यावर मातोश्री हंसून म्हणाल्या, “अरे, अधिक मास तीन वर्षांनीं येतो. तोंवर माझे पाय माझ्याशीं बोलतील का?” आम्ही निरुत्तर झालों. ऋतूंचा एवढा ऊहापोह केल्यावर ही गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे कीं, घरांत वडील माणसें असतील तर आधीं त्यांची प्रकृति पाहावी आणि मग आकाश. उत्तम ऋतूची वाट पाहत वर्षें दवडण्यापेक्षां, समोर असलेल्या वर्षांतला गर्दी टाळणारा मध्यम ऋतु बरा.

त्या प्रवासांत मातोश्रींना कांहींच लाभलें नाहीं, असेंहि नव्हे. ५ मे हा तेथें मुलांचा दिवस. त्याच्या आधीं कांहीं आठवडे घरोघर उंच काठीला रंगीत कापडी मासे बांधतात, आणि ते वाऱ्यानें फुगून फडफडत राहतात. मुक्कामाच्या खिडकींतून ते दृश्य पाहून त्या नातीला म्हणाल्या, “ही यांची गुढी दिसते.” पाडव्याच्या सुमारास येणारीं फुलें हुकलीं, पण गुढी तेवढी दिसली, असें त्या आजहि सांगतात. सध्यां त्यांचा मुलगा येत्या मेच्या तिसऱ्या आठवड्याचीं तिकिटें पाहत आहे.