एअर फिल्टरच्या डब्याला ड्रिल लावण्याआधी



एअर फिल्टरचा कंपनीचा डबा काढून टाका आणि त्या जागी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवा. तेवढा खर्च झेपत नसेल तर डब्यालाच ड्रिलने चार भोकं पाडा. पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेजही सुधारेल. असा सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मी कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज चालवतो. हा सल्ला ऐकलेल्या गाड्या पावसाळ्यात आमच्याकडे टो होऊन येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी अ‍ॅव्हरेजचं बघू. एक लिटर पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या जवळजवळ 15 पट, म्हणजे साधारण 11 किलो हवा लागते. घनफळात ती 9 हजार लिटरच्या आसपास भरते. एवढी हवा इंजिन ओढतं हे खरं, पण किती ओढायची हे फिल्टर ठरवत नाही, चालवणाऱ्याचा पाय ठरवतो. पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटलची झडप उघडते, आणि रोजच्या चालवण्यात ती बहुतेक वेळ अर्धवट मिटलेलीच असते. हवेला सगळ्यात मोठा अडथळा तिचा असतो. स्वच्छ फिल्टरचा अडथळा त्यापुढे किरकोळ. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या घेतल्या. अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी वेग किती पटकन घेते त्यात. चोंदलेल्या फिल्टरने जे घटत नाही, ते चांगला फिल्टर काढून फेकल्याने वाढणार कुठून?

तरीही डबा काढलेली गाडी चालवणारा शपथेवर सांगतो, की गाडी आता उचलते. तो खोटं बोलत नाही, पण तो जे सांगतो ते कानाने ठरवलेलं असतं. फिल्टरच्या डब्याला आणि त्याच्या नळीला जोडलेले जे पोकळ कप्पे बिनकामाचे वाटतात, ते हवा ओढल्याचा आवाज दाबण्यासाठी असतात. ते काढले की बॉनेटखालून हुंकार येतो, आणि हुंकार आला की जोर आला असं वाटतं.

आता मूळ मुद्दा. इंजिनाला हवा गार हवी, कोरडी हवी आणि स्वच्छ हवी. गाडीच्या पुढच्या भागात या तिन्ही गोष्टी एका जागी सहजासहजी मिळत नाहीत. बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला, तर तो रेडिएटर आणि एक्झॉस्टची तापलेली हवा ओढतो. बाहेर 35 अंश असताना बॉनेटखाली 65 अंश झाले, तर ती हवा जवळपास 9 टक्के विरळ होते. म्हणजे त्याच घनफळात ऑक्सिजन तेवढा कमी आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर ताकदही त्याच प्रमाणात कमी. जोर वाढवायला निघालेला माणूस एप्रिल-मे महिन्यात, गगनबावड्याचा घाट चढताना, स्वतःच्या हाताने जोर कमी करून बसतो. हे कळल्यावर काही जण लांब पाइप टाकून फिल्टर खाली बंपरमागे उतरवतात. तिथे हवा गार मिळते, पण ती जागा रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंच. म्हणजे कोरडेपणा गेला. कंपनीने हवेचं तोंड रेडिएटरच्या वर किंवा मडगार्डच्या आत, हेडलाइटच्या मागे का काढलं असेल, नळी वळवून का नेली असेल, डब्याच्या तळाला बारीक निचऱ्याचं छिद्र का ठेवलं असेल, याचं उत्तर या पेचात आहे. ड्रिल हातात घेणाऱ्याने आधी हा पेच सोडवून दाखवावा.

पाण्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण नुकसान तिथे एका क्षणात होतं. चार सिलिंडरच्या 1200 सीसी इंजिनात प्रत्येक सिलिंडर 300 सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो 10 धरला, तर पिस्टन वर पोचल्यावर वरती उरते ती जागा फक्त 33 सीसी. दोन-अडीच मोठे चमचे पाणी तेवढी जागा भरून टाकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन तिथेच अडतो, फ्लायव्हील फिरत राहतं आणि मधल्यामध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉकमधून बाहेर येतो. डिझेलमध्ये ही जागा आणखी लहान, म्हणून धोका आणखी मोठा. उघड्या फिल्टरला यासाठी पुराचं पाणीही लागत नाही. समोरून येणाऱ्या एसटीने खड्ड्यातलं पाणी उडवलं तरी पुरतं.

आमच्या भागात हे नुसतं पुस्तकातलं भय नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. तेवढा पूर दरवर्षी येत नाही, पण गुडघाभर पाणी साचलेले रस्ते दर पावसाळ्यात असतात. अशा पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, हे मी हात जोडून सांगतो. फिल्टर ओला आहे का ते आधी पाहा. पेट्रोल गाडी असेल तर मेकॅनिककडून स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून घ्या. पाण्यात अडकलेल्या गाडीला स्टार्टर मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. ते घेतलेलं असलं तरी सर्व्हेअरला बॉनेटखाली कापलेला डबा दिसला, की भांडण सुरू.

धुळीचं नुकसान सावकाश होतं, म्हणून ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही. शिरोली एमआयडीसीच्या फौंड्र्यांची वाळू, हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी उकरलेले रस्ते, पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी, हे सगळं आमच्या हवेत आहे. वाळूचा कण सिलिंडरच्या धातूपेक्षा कठीण असतो. डब्याला फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूला भोक पडलं तर फिल्टर असून नसल्यासारखा. रिंगा झिजतात, गाडी ऑइल खायला लागते, निळा धूर सुटतो. तोवर भोक पाडल्याला दोन वर्षं उलटलेली असतात आणि दोष कंपनीच्या माथी मारला जातो. टर्बोच्या गाडीत ड्रिलचा प्लास्टिकचा कीस किंवा सुटलेली क्लिप आत गेली, तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या चाकाच्या पात्यांचं काय होतं ते मी लिहायला नको.

हवा मोजणारा सेन्सर हा आणखी एक विषय. तो मूळ पाइपाच्या व्यासासाठी जुळवलेला असतो. व्यास बदलला किंवा तेल लावलेल्या फिल्टरमधलं तेल त्याच्या तापलेल्या तारेवर बसलं, की मोजमाप चुकतं. क्रँककेसकडून येणारी ब्रीदरची नळी तशीच उघडी सोडलेली, नाहीतर चिंधी कोंबून बंद केलेली मी पाहिली आहे. त्यातून न मोजलेली हवा आत शिरते किंवा क्रँककेसमधला दाब वाढून सील फुटतात.

म्हणून कुणी काहीच करू नये, असं मी म्हणत नाही. ज्याची गाडी टर्बोची आहे, जो तिचं ट्यूनिंग डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून करून घेतो आणि फिल्टरभोवती उष्णता अडवणारी बंद पेटी बांधून तिला बाहेरची हवा आणतो, त्याला खरोखर फायदा होतो. जंगलात, नदीपात्रात गाडी नेणाऱ्याने छताच्या उंचीला हवेचं तोंड नेणारा स्नॉर्कल बसवणं योग्यच आहे, फक्त त्याचा प्रत्येक जोड डब्यापर्यंत हवाबंद पाहिजे. नुसता शोभेला मडगार्डवर चिकटवलेला स्नॉर्कल बाळगून पाण्यात उतरू नये.

आणि स्वतःच्या हाताने करण्यासारखं बरंच आहे. डब्याच्या क्लिपा घट्ट बसतात का, रबरी होजला चीर गेली आहे का, निचऱ्याचं छिद्र पानांनी बुजलं आहे का, हे घरी पाहता येतं. कागदी फिल्टर धुऊ नये, वेळेवर बदलावा. धुळीच्या भागात मुदतीच्या आधी बदलावा. पण दर आठवड्याला उघडून झटकूही नये. थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो, आणि डबा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा माती आत सांडण्याचा धोका.

माझ्या दोन मागण्या आहेत. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत हवेच्या तोंडाची जमिनीपासूनची उंची आणि गाडी किती सेंटिमीटर पाण्यातून नेता येते, हे दोन आकडे ठळक छापण्याची सक्ती परिवहन खात्याने कंपन्यांवर करावी. मोजक्याच गाड्यांच्या बाबतीत ते सहज मिळतात. दुसरी मागणी आपल्याकडे आहे. गाडीत फेरफार करण्याचा सल्ला यापुढे छापाल तेव्हा तो डायनोवर मोजला आहे का आणि पावसाळा काढलेल्या गाडीवर तपासला आहे का, हे लेखकाला विचारून मगच छापा.

— एक गॅरेजचालक, उद्यमनगर, कोल्हापूर