तांडेलाच्या नकाराचे मोल

पास्काचा सण आटोपला आणि मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्या किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांतून सहलींचे बेत शिजू लागतात. युवक मंडळ, गायनवृंद, महिला मंडळ, धर्मशिक्षणाचे वर्ग, सगळ्यांनाच एप्रिल-मेचे मोकळे रविवार खुणावू लागतात. कुणी होडीने अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जातात, कुणी वसईच्या किल्ल्याखालून मचवा ठरवून खाडीच्या मुखापर्यंत आणि जमलेच तर पलीकडे उत्तनच्या रोखाने फेरी मारून येतात, कुणी गेटवेहून घारापुरी किंवा मांडवा गाठतात. या हौसेविरुद्ध आमची तक्रार नाही. समुद्रापासून दोन मैलांवर जन्मलेल्या, पण खाडीचे पाणी लोकलच्या खिडकीतूनच पाहणाऱ्या आजच्या पिढीला त्या पाण्यावर नेलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. तक्रार आहे ती नेण्याच्या रीतीविरुद्ध, आणि ती आम्ही सौम्य शब्दांत मांडणार नाही.

सहलीची तारीख कशी ठरते ते पाहावे. बस मिळते का, धर्मगुरूंना सवड आहे का, त्या दिवशी कुणाचे लग्न तर नाही ना, जेवणाचे कोण पाहील, या साऱ्यांचा खल होतो. त्या दिवशी तिथी कोणती, हे विचारणारा सभेत सहसा एकही निघत नाही. आपल्या आजोबांना मात्र तो पहिला प्रश्न वाटला असता. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या अडाण्यालाही तोंडपाठ होता. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. घड्याळ नसलेल्या माणसाचे हे गणित आज खिशात दोन-दोन मोबाईल बाळगणाऱ्या समितीला येत नाही.

त्याने काय बिघडते, असे कुणी विचारील. सांगतो. चैत्र-वैशाखात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो, पाणी तेलासारखे शांत असते आणि सहलीचा फोटो त्याच वेळी निघतो. सूर्य वर चढतो, आतली जमीन तापते, आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो. पश्चिमेकडून, वायव्येकडून येणारा हा वारा दोन ते पाचच्या दरम्यान जोरात असतो. आता पौर्णिमेचा रविवार धरा. भरती बाराच्या आसपास संपली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ओहोटी, आणि तीही उधाणाची, म्हणजे चार-साडेचार मीटर पाणी सहा तासांत खाडीतून बाहेर ओसरणार. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाण्याचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि नेमक्या त्याच वेळी वारा समुद्राकडून आत रेटत असतो. बाहेर धावणारे पाणी आणि आत घुसणारा वारा यांची गाठ खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर पडते. तिथे लाट लांब राहत नाही. ती आखूड, उभी आणि तुटकी होते. मोठ्या जहाजाला तिची दखलही घ्यावी लागत नाही, पण पंचवीस-तीस फुटांच्या, माणसांनी काठोकाठ भरलेल्या होडीला तीच लाट मागून उचलते आणि आडवी करू पाहते. जेवण आटोपून, गाणी म्हणून, मंडळी परत निघतात ती याच घटकेला.

अष्टमीच्या आसपास तोच वारा, तीच खाडी, तीच होडी, पण दुपारभर पाणी वाऱ्याच्याच दिशेने आत चढत असते. लाट बसलेली असते आणि दांड्यावर दर घटकेला पाणी वाढत जाते. दोन रविवारांतला हा फरक सरकारी परवान्यावर लिहिलेला नसतो. तो तांडेलाच्या डोक्यात असतो.

आणि हे झाले नेहमीच्या दिवसाचे. वैशाखात आकाशाचा भरवसा आणखी कमी. दुपारी सह्याद्रीच्या बाजूला, आपल्याकडे तुंगारेश्वराच्या डोंगरामागे, ढगांचे डेरे उभे राहतात. पाऊस पडो वा न पडो, त्या ढगांतून खाली कोसळणारी थंड हवा कधी कधी जमिनीवरून समुद्राकडे धाव घेते. पश्चिमेचा वारा क्षणभर पडतो, विचित्र शांतता येते, आणि मग पूर्वेकडून धुळीसकट झोत येतो. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या सहलकऱ्यांना तो पाठीमागून येतो म्हणून दिसत नाही. याच दिवसांत आणखी एक पाहुणा येतो. हिंदी महासागराच्या दक्षिणेस, हजारो मैलांवर झालेल्या वादळांची लांब लाट, स्थानिक वारा नसताना, निळ्या आकाशाखाली किनाऱ्यावर येऊन आदळते. केरळचे मच्छीमार तिला कल्लकडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आपल्याकडे तिचा जोर तितका नसतो हे खरे, पण ओहोटीच्या वेळी वाळूच्या दांड्यावर ती फुटू लागली की होडीला थोडा जोरही पुरतो.

‘पावसाळा तर जूनमध्ये!’ हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, म्हणून ३१ मेपर्यंत दर्या सरकारी हमीवर आहे, अशी काहींची समजूत दिसते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने गेले, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर नोंदला गेला. हवामान खात्याने इशारा काही दिवस आधीच दिला होता, मच्छीमारांना माघारी बोलावले गेले होते. तेलक्षेत्रात काम करणारा पी-३०५ हा तराफा मात्र तिथेच राहिला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरांहून अधिक परत आली नाहीत. सहलीची होडी आणि तो तराफा यांची तुलना होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. पण इशारा कानावर पडूनही कामाच्या, पैशाच्या, ठरलेल्या वेळेच्या ओझ्याखाली तो कसा दबतो, हे लहान प्रमाणात दर उन्हाळ्यात आपल्याच धक्क्यांवर घडत असते.

तिथेच आमच्या तक्रारीचे मूळ आहे. तांडेलाला सारे कळते, मग तो होडी काढतो कशाला, असा प्रश्न शहाणे लोक विचारतात. उत्तर सोपे आहे आणि ते आपल्याच खिशात आहे. होडीचे भाडे डोईमागे ठरते. होडी गेली तर पैसे, नाही गेली तर शून्य. उन्हाळ्यात मासळी कमी, डिझेलचा खर्च डोक्यावर, पुढे आगोटीचे दोन-अडीच महिने होडी वर ओढून ठेवायची. अशा माणसासमोर चाळीस जण डबे, चटया आणि ढोलकी घेऊन उभे राहतात. तो म्हणतो, ‘आज राहू द्या.’ लगेच सुरू होते: ‘काका, एवढी मुलं आणलीत!’, ‘काका, चला ना, काय होतंय!’, ‘तो बघा, तो दुसरा न्यायला तयार आहे.’ हे शेवटचे वाक्य सर्वांत घातकी. त्या एका वाक्याने सावध तांडेलाची भाकरी निष्काळजी तांडेलाच्या ताटात जाते. दोन-चार वर्षांत धक्क्यावर कोणत्या जातीचे तांडेल उरतील हे सांगायला ज्योतिषी नको. आणि उद्या काही घडले की गुन्हा दाखल होतो तो त्याच्यावर, समितीवर नव्हे.

प्रेषितांच्या कृत्यांतला सत्ताविसावा अध्याय आपण पौलाच्या श्रद्धेसाठी वाचतो. तो एकदा खलाशाच्या नजरेने वाचावा. उपवासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे तिकडचा नौकानयनाचा हंगाम सरला होता. पौल थांबा म्हणाला. शताधिपतीने त्याच्यापेक्षा तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. मग दक्षिणेचा मंद वारा सुटला, सगळ्यांना वाटले की काम फत्ते झाले, आणि क्रीटच्या किनाऱ्याने थोडे अंतर गेल्यावर झंझावात उतरला. २७६ माणसे अखेर माल्टाच्या किनाऱ्याला लागली, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर, पण जहाज गेले. तिथे तर तांडेल स्वतःच निघू म्हणाला होता! मालक शेजारी उभा असला, माल भरलेला असला, बंदर गैरसोयीचे असले, की जाणत्याचे जाणतेपणही डळमळते, हे लूकने किती निर्विकारपणे लिहून ठेवले आहे. आमच्या मते म्हणूनच तांडेलाच्या शहाणपणावर सारा भार टाकून समितीने हात झटकणे हा अप्रामाणिकपणा आहे. त्याला शहाणे राहणे परवडेल, अशी व्यवस्था आधी करावी.

म्हणून आमची मागणी एकच आणि रोकडी आहे. धर्मग्रामाच्या कोणत्याही गटाने होडी ठरवताना भाड्याचा निम्मा तरी भाग आधी द्यावा, आणि तांडेल त्या दिवशी, त्या घटकेला नाही म्हणाला, किंवा अर्ध्या वाटेतून त्याने होडी वळवली, तर तो भाग परत मागू नये. आक्षेप आम्हांला ठाऊक आहे: ‘मग तो रोजच नाही म्हणेल आणि घरबसल्या पैसे घेईल.’ ज्याच्या हाती आपण पोटची पोरे सोपवतो तो पाचशे-हजार रुपयांसाठी लबाडी करील अशी शंका असेल, तर त्याच्या होडीत पाय तरी कसा ठेवता? शिवाय उरलेले निम्मे भाडे होडी गेल्यावरच मिळायचे आहे. माणसाला ओळखावे, वर्षानुवर्षे एकाच घराशी व्यवहार ठेवावा, तारीख ठरवण्याआधी त्याच्या दारी जाऊन विचारावे. समितीचा एक तरी सभासद आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहणारा असावा. यात शास्त्र मोठे नाही.

जाकिटांविषयी थोडक्यात. ती होडीत असतात. बहुधा गोणीत बांधून, नाळेखाली, दोराच्या वेटोळ्याखाली असतात, तपासणीला आलेल्या माणसाला दाखवण्यापुरती. उकडते, साडी चुरगळते, फोटोत वाईट दिसते, ही कारणे आम्ही खोटी मानत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी आपल्याच जिल्ह्यात, डहाणूला, सुमारे चाळीस विद्यार्थ्यांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि तीन मुली गेल्या. ७ मे २०२३ च्या रविवारी केरळात तानूरला मासेमारीच्या होडीची प्रवासी बोट करून तीत नको तितकी माणसे भरली गेली. २२ जण बुडाले, त्यांत लहान मुले कितीतरी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जीव गेले. तिथे ना वारा होता ना लाट, आणि प्रवाशांचा तर काहीच दोष नव्हता. त्यानंतर जाकीट सक्तीचे झाले. सक्ती धक्क्यावर असते, होडी शंभर वाव पुढे गेली की ती गळ्यातून निघते. मुलांच्या बाबतीत आणखी एक पाहावे: मोठ्यांचे जाकीट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकून त्याच्या तोंडावर येते. मुलाच्या मापाचे, पायांमधून पट्टा असलेले जाकीट नसेल तर त्या मुलाला नेऊ नये. मांडव्याजवळ १४ मार्च २०२० रोजी बोट बुडू लागली तेव्हा पोलिसांची गस्ती नौका जवळ होती आणि ८८ च्या ८८ जण वाचले. ईश्वराचे आभार मानावे, पण गस्ती नौकेची वेळ पाहून सहल आखता येत नाही.

अशा प्रत्येक घटनेनंतर आठ दिवस दोन आवाज उठतात. एक म्हणतो, होड्याच बंद करा. त्यांनी अर्नाळ्याच्या बेटावर जाऊन पाहावे. तिथे किल्ल्याभोवती गाव आहे. दवाखाना, बाजार, शाळा, सगळ्यासाठी तिथल्या माणसाला होडीतच बसावे लागते. सहलकऱ्यांनी दिलेल्या भाड्यावरही तिथली काही घरे चालतात. दुसरा आवाज म्हणतो, आमचे बापजादे याच पाण्यावर वाढले, आम्हांला काय शिकवता! बापजादे वाढले हे खरे. पण ते अमावास्येच्या दुपारी चाळीस माणसे घेऊन दांड्यावरून येत नव्हते. ते किनाऱ्यावर बसून जाळी शिवत होते, आणि कुणी त्यांना भित्रे म्हणत नव्हते. दर्यावर्दी पूर्वजांचे नाव घ्यायचे आणि त्यांच्या हयात वारसाचा नकार भाड्याच्या घासाघिशीत मोडून काढायचा, हा दुटप्पीपणा आम्हांला सहन होत नाही.

पैसे कुठून आणायचे, असे विचारणाऱ्या मंडळांना एवढेच सुचवतो की सहलीसाठी नाव छापून घेतलेल्या टी-शर्टांचा गेल्या वर्षीचा खर्च त्यांनी हिशेबाच्या वहीत काढून पाहावा, आणि त्याच पानावर तांडेलाला दिलेली रक्कमही वाचावी.