आधी ओळख, मग उपसा

आपल्या पूर्वजांनी समुद्रास ‘रत्नाकर’ असे नाव दिले. आमच्या घरच्या कोंकणीत तो साधा ‘दर्या’ असला, तरी तो देणारा आहे ही भावना तीच. आजवर त्याने मासळी दिली, मीठ दिले, व्यापाराची वाट दिली. आता त्याच्या तळाशी तांबे, जस्त, सोने व चांदी यांचे साठे आहेत असे कळले असून, ते वर काढण्याचे बेत अनेक राष्ट्रे करीत आहेत. त्यांत आपला भारतही आहे. ज्या जागी आपण हात घालणार, ती जागा कशी आहे हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी जाणून घ्यावे, म्हणून हे चार शब्द.

१९७७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात काही अमेरिकन शास्त्रज्ञ ‘अल्विन’ नावाच्या लहानशा पाणबुडीतून पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोल उतरले. ते भूशास्त्रज्ञ होते. समुद्रतळाच्या भेगांतून उष्ण पाणी येते की काय, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. पाणी तर आढळलेच; पण त्याभोवती शिंपल्यांची, खेकड्यांची व उंच नळ्यांत राहणाऱ्या लालभडक कृमींची वस्तीच आढळली. त्या गलबतावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. नमुने टिकवावयास पुरेसे द्रव्य नसल्याने काही नमुने मद्यात बुडवून आणावे लागले! ज्या काळोख्या तळास जग ओसाड समजत होते, तेथे असा संसार थाटलेला असेल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

या उष्णजल-विवरांची घडण मोठी विलक्षण आहे. समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून खाली झिरपते, भूगर्भातील तप्त शिलारसाच्या सान्निध्याने तापते, खडकांतील धातू व गंधक आपल्यात विरघळवून घेते आणि उसळून वर येते. त्याचे तापमान कित्येक ठिकाणी साडेतीनशे अंशांहून अधिक असते. तरी वरच्या पाण्याच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. थंडगार पाण्याशी गाठ पडताच त्यातील धातूंचे कण साचून धुरांड्यासारखे मनोरे उभे राहतात व त्यांतून काळा धूर निघाल्याचा भास होतो. खाणवाल्यांना हवी असलेली धातू ती हीच.

आता तेथील प्राणी जगतात कशावर? नळीत राहणाऱ्या त्या कृमीस तोंड नाही, आतडेही नाही. १९८० साली हार्वर्ड विद्यापीठात एका व्याख्यानात वक्त्याने त्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडल्याचे सांगितले. तेव्हा श्रोत्यांतील कॉलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, याच्या पोटात गंधकावर जगणारे जीवाणू असले पाहिजेत व तेच याला अन्न पुरवीत असले पाहिजेत. पुढील वर्षी तिचे म्हणणे सिद्ध होऊन प्रसिद्ध झाले. तेथील अन्नाचा आरंभ सूर्यप्रकाशात नसून पृथ्वीच्या उदरातील रसायनांत आहे. वर्गात शंका विचारण्यास लाजणाऱ्या आमच्या मुलामुलींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या हिंदी महासागरातही अशी विवरे आहेत. त्यांतील ‘काइरेई’ नावाच्या जागी २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले असून त्यांवर लोह व गंधक यांच्या संयुगाचा लेप असतो. जणू लोखंडी चिलखतच. २०१९ साली तिची नोंद संकटग्रस्त जीवांच्या जागतिक यादीत झाली. सागरतळावरील खाणकामाचे भय, या कारणास्तव त्या यादीत गेलेला हा पहिला जीव. तोवर ती अवघ्या तीन ठिकाणी आढळली होती व त्यांपैकी दोन ठिकाणी खनिजशोधाचे परवाने दिलेले होते.

२०१६ साली भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरात दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजांच्या शोधाचा हक्क पंधरा वर्षांसाठी मिळवला. २०२४ सालच्या डिसेंबरात आपल्या शास्त्रज्ञांनी सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील एका जिवंत विवराचे छायाचित्र घेतले. या कामी आपल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा वाटा होता, ही गोमंतकीयांस अभिमानाची गोष्ट होय. मात्र हा करार शोधाचा आहे, उपशाचा नव्हे, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, विजेच्या तारांना तांबे लागते, ते कोठून आणावे? जमिनीवरील खाणींनीही रानांची व गावांची हानी होतेच. हा प्रश्न खोटा नाही, आणि धातू नकोच असे आमचे म्हणणेही नाही. परंतु घाईचे फळ काय, हे आम्हां गोमंतकीयांना निराळे सांगावयास नको. लोहखनिजाच्या मातीने शेते व नद्या गाळाने भरल्या. पुढे २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरविले, आणि खाणींवर पोट भरणाऱ्या कुटुंबांचेही हाल झाले. आधी विचार झाला असता, तर शेतकरी व कामगार दोघेही वाचते. गावातील बिघाड निदान डोळ्यांना दिसतो. चार हजार मीटर खालचा कोणास दिसणार?

सागरी कायद्याने राष्ट्रांच्या सीमांपलीकडील सागरतळ हा मानवजातीचा समाईक वारसा मानला आहे. गावकरीची परंपरा जाणणाऱ्या गोव्यास ही कल्पना परकी नाही. समाईक जमिनीचे उत्पन्न घ्यावयाचे, तर आधी बांध राखावा लागतो. म्हणून आमचे मत असे, की ज्या विवरांतून उष्ण जल वाहते आहे व जीव नांदत आहेत, त्यांना हात लावूच नये. आणि इतरत्रही तेथील जीवांची पुरती नोंद होऊन ती सर्वांसमोर येईपर्यंत उपसा करू नये.

समुद्रमंथनाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. रत्ने निघण्यापूर्वी हलाहल निघाले, आणि ते प्राशन करावयास शंकर होते. आजच्या मंथनात ती सोय नाही. ओळख करून घेण्याचे हे काम अजून फार मोठे आहे व त्यास माणसे हवी आहेत. विद्यार्थिमित्रहो, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या घरापासून काही दूर नाही. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेने गेले, तर आम्हांस धन्यता वाटेल.